आडनाव नसलेले अकरा जण

ठकीला सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा तिच्या वडिलांनी अर्ध्या गल्लीला सांगितलं, "आता नळ गळला तर मला बोलवा, कॉम्प्युटर गळला तर हिला." वडील प्लंबर होते. ठकी हे तिचं घरचं नाव. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आली तरी ते सुटलं नव्हतं.

कंपनीत तिला शिकवायला एक सीनिअर इंजिनिअर नेमला होता. माणूस सज्जन, पण दुसऱ्याच आठवड्यात त्याने नोकरी सोडली. जाताना म्हणाला, "जुन्या तक्रारी वाचत जा. त्यातून जे शिकशील ते कॉलेजात नाही मिळायचं." मग तिच्याकडे कोणी फिरकलंच नाही. मॅनेजर मॅडम तिला पाहिलं की प्रत्येक वेळी नव्याने हसायच्या, म्हणजे ही कोण हे त्यांना प्रत्येक वेळी नव्याने आठवावं लागायचं. ठकी खांबाआडच्या टेबलावर बसून तक्रारी वाचू लागली.

त्यात एक तक्रार डोळ्यांच्या हॉस्पिटलची होती. ऑपरेशनची तारीख जवळ आली की कंपनीचा प्रोग्राम रुग्णाच्या फोनवर मेसेज पाठवायचा. रुग्णाने 'हो' असं उत्तर दिलं तर तारीख पक्की, नाही दिलं तर ती जागा दुसऱ्याला. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी लिहिलं होतं, "काही पेशंटना मेसेज जातच नाहीत." खाली कंपनीचं उत्तर होतं, "फोन बंद असावेत." तक्रार बंद.

ठकीने चार दिवस त्यात डोकं घातलं आणि पाचव्या दिवशी गाठ सापडली. ज्या माणसाला आडनावच नाही, नुसतं एकच नाव आहे, त्याची आडनावाची जागा कोरी राहायची आणि प्रोग्राम ती अख्खी नोंद ओलांडून पुढे जायचा. त्या आठवड्यात अशी अकरा माणसं होती. त्यांना ना मेसेज गेला, ना त्यांचं उत्तर आलं. सगळ्यांच्या तारखा रद्द.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ठकीने ती लिहिली, दहादा तपासली. पण इंटर्नचं काम कायमच्या इंजिनिअरने पाहून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नसे, आणि ठकीची कामं तपासायला ज्याच्याकडे जायची तो तर नोकरी सोडून गेलेला. ती मॅडमकडे गेली.

"हो का? छान शोधलंस," मॅडम म्हणाल्या. "पण हा जुना प्रोग्राम आहे. वर्षभरात नवा येणार, तोवर याला हात लावायचा नाही असं ठरलंय."

"पण मॅडम, लोकांची ऑपरेशनं रद्द होतायत."

"आठवड्याला हजार मेसेज जातात गं. त्यात अकरा म्हणजे काय?"

जवळच कायम लोकरीची टोपी घालून बसणारा एक इंजिनिअर होता. ठकीने त्याला गळ घातली. "बघतो की," तो म्हणाला, "सोमवारी नक्की बघतो." त्याचा सोमवार काही उजाडला नाही.

शेवटी तिने सरळ हॉस्पिटलला फोन लावला. खिडकीवरच्या बाई आधी वैतागल्या, मग नीट ऐकू लागल्या.

"म्हणजे मी वेडी नव्हते तर," त्या म्हणाल्या. "एक आजोबा तीनदा आले गं इथे. दर वेळी मीच त्यांना सांगितलं, तुम्ही उत्तर दिलं नाही, तुमचीच चूक."

"काकू, आडनावाच्या जागी नुसतं एक टिंब टाकता येईल का?"

"नाही ना. ते ओळखपत्रावरून आपोआप येतं. आमच्या हातात काही नाही."

मग दोघींनी एक रीत पाडली. रोज सकाळी ठकी आडनाव नसलेल्यांचे नोंदणी क्रमांक काढून फोनवर सांगायची आणि काकू त्या माणसांना स्वतः फोन करायच्या. साडेचार महिने हे चाललं. आजोबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन त्यातच झालं. दुसऱ्याला, डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. काकूंनी हे सांगितलं त्या दिवशी ठकी डबा न उघडताच घरी घेऊन गेली.

सहा महिने संपले. शेवटच्या दिवशी मॅडमनी शेरा वाचून दाखवला, "मेहनती आहे, पण न दिलेल्या कामात वेळ घालवते." कायमची नोकरी काही मिळाली नाही. ठकीने निघताना पुन्हा एकदा दुरुस्तीचं सांगितलं. मॅडम हसल्या. संध्याकाळी पाचला तिचं कार्ड आणि कॉम्प्युटरवरचं खातं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. "अगं, आजचे नंबर?"

"मला आता काही दिसत नाही, काकू."

"मग मी काय करू?"

काकूंनी वहीत आडनाव नसलेल्यांची नावं टिपून पाहिली, पण खिडकीसमोर शंभर माणसांची रांग. वही मागेच पडत गेली. पुढच्या महिन्यात त्यांची बदली एक्स-रेच्या खिडकीवर झाली. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला ठकी स्वतः जाऊन भेटली. तो म्हणाला, "ताई, कंपनीला विचारलं. ते म्हणतात फोन बंद असावेत."

तिने त्याची परवानगी काढून भिंतीवर कागद चिकटवला. ज्यांना आडनाव नाही त्यांनी मेसेजची वाट न पाहता खिडकीवर चौकशी करावी. अक्षर ठळक काढलं होतं. बाकावर बसलेल्या एका म्हातारीने तिला हाक मारून विचारलं, "पोरी, काय लिहिलंय गं तिथे? मला दिसत नाही." ठकीने वाचून दाखवलं. मग इकडेतिकडे पाहिलं, तर सगळ्या बाकांवर तसेच बसलेले, कोणाच्या डोळ्याला पट्टी, कोणी पोराचा हात धरून.

घरी वडील म्हणाले, "अगं, गळका नळ दाखवून दिलास ना? मालकालाच नसेल दुरुस्त करायचा तर आपण काय करणार?"

"बाबा, तुम्ही वायसर घेऊन पुन्हा गेला असता."

पण वडिलांनाही तिथे कोणी दार उघडलं नसतं, हे दोघांनाही कळत होतं.

परीक्षेनंतर ती मुलाखती देत फिरली. एका ठिकाणी तिघे जण समोर बसले होते. इंटर्नशिपमध्ये काय केलंत, असं विचारल्यावर तिने सगळं सांगितलं, आजोबांच्या डोळ्यासकट. मधला माणूस लक्ष देऊन ऐकत होता. त्याने पेन उचललं.

"मग तुमची दुरुस्ती चालू झाली का?"

"नाही."

"अजून तशीच आहे?"

"हो. मंजुरीसाठी पडून आहे."

त्याने कागदावर 'पूर्ण केलेलं काम' याच्यापुढे एक लहानशी रेघ मारली आणि पुढचा प्रश्न विचारला.