सोमारीबाई समुद्राकडच्या खोलीत राहिली

सोमारीबाईची आणि माझी ओळख गडचांदूरच्या बाजारातली. माझं बांगड्यांचं दुकान म्हणजे एक पाटी आणि वर ताडपत्री. शेजारी तिचं पोतं अंथरलेलं, त्यावर मोहफुलं, चारोळी, उन्हाळ्यात टेंभराची फळं. जंगलाकडच्या गावातून ती पहिल्या बसनं यायची आणि आल्या आल्या माझ्या ताडपत्रीचा कोपरा स्वतःच्या डोक्यावर ओढून घ्यायची. विचारायची नाही. पहिल्या वर्षी मी भांडले, दुसऱ्या वर्षी ताडपत्रीच मोठी घेतली. अशी ती.

तिचा नवरा जवानीत मिरची तोडायला आंध्रात जायचा. एका साली मिरची संपल्यावर ठेकेदारानं त्याला तिकडूनच विशाखापट्टणमला नेलं. समुद्राच्या काठावर मोठं हॉटेल उठत होतं. तिथली मोझॅकची फरशी त्यानं घासली. उकिडवं बसून, दगडानं आणि पाण्यानं, तोंड दिसेल इतकी. हॉटेल उघडायच्या दिवशी सिनेमातली माणसं येणार, लायटिंग होणार, म्हणून तो आपली फरशी उजेडात कशी दिसते ते पाहायला गेला. दारवानानं त्याचे पाय पाहिले आणि हाकलून दिलं. पायात चप्पल नव्हती. ही गोष्ट तो जन्मभर हसून सांगायचा. सोमारीबाई कधी हसली नाही.

तो गेल्यानंतरच्या साली मी माझ्या लेकीकडे, फरहतकडे निघाले होते. तिला विशाखापट्टणमलाच दिली आहे. सोमारीबाई पोतं झटकत म्हणाली, "मी बी येतो."

"कशाले?"

"त्या हाटेलात राहाले. वरच्या, समुद्राकडच्या खोलीत."

तिचा पोरगा अतुल सिमेंटच्या कारखान्यात आहे. तो चिडला. एवढं फिरायचंच आहे तर तीर्थाला जा म्हणाला. ती म्हणाली, माझे देव गावातच आहेत, त्यांना भेटायला रेल्वे लागत नाही. सून रंजीता म्हणाली, लोक हसतील. तर म्हणे हसू दे, हसणारं गिऱ्हाईक जास्त माल घेते.

जावई जुबेरनं आम्हाला हॉटेलच्या दारात सोडलं आणि दोनदा विचारलं, नक्की इथेच ना. त्याचा दोष नव्हता. भिंतींचे पापुद्रे सुटलेले, पाटीवरची अक्षरं गळालेली, कारंज्यात पाण्याच्या जागी मोडक्या खुर्च्या. आत भिंतीवर जुन्या नटनट्यांचे फोटो होते, पण बुरशीनं नट्यांनाही दाढ्या आलेल्या.

दारातच सोमारीबाईनं चपला काढून पिशवीत टाकल्या. मला वाटलं, गावची सवय. तिच्याकडे कुणाच्याही ओसरीवर चप्पल घालून चढत नाहीत. मी म्हटलं, बाई, हे घर नाही, हॉटेल आहे, घाल. तिनं ऐकलंच नाही. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासून पाहत होती. पिवळ्या-काळ्या खड्यांची फरशी, वर मिठाचा मळ.

मॅनेजर वयस्क होता, टाय लावलेला. त्यानं खालची, मागची खोली दिली. खिडकीतून जनरेटर दिसत होता. सोमारीबाईनं वरची कोपऱ्यातली मागितली. ती बंद आहे म्हणाला. खाऱ्या हवेनं लोखंड खाल्लं, छताचं प्लास्टर पडतं. ती गेली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. कडेला नाही, मधोमध.

तेलुगू तिला मिरचीच्या शेतांमुळे येते. तिचं आणि मॅनेजरचं काय बोलणं झालं ते तिनं मला नंतर बाजारात इतक्यांदा सांगितलं की आता मला पाठ आहे. मॅनेजर आधी गोड बोलला, मग आवाज चढवला. मला लाज वाटली. मी जाऊन सोफ्यावर बसले, तर त्याची स्प्रिंग टोचली. मग परत येऊन तिच्याच बाजूला बसले. आम्ही दोघी बसल्यावर जिना पुरता भरला.

मॅनेजर म्हणाला, छत अंगावर पडेल.

"माझ्या घरच्या छपराचे कवेलू दर साली पडतात. मी जितीच आहो."

पोलीस बोलावतो म्हणाला.

"बोलाव. त्याहिले सांग, दोन बुढ्या पायरीवर बसल्या."

तो थकला. बरं, वर नेऊन नुसती खोली दाखवतो म्हणाला, पण आधी चप्पल घाल, तिथे काचा-खडे पडले आहेत.

तेव्हा सोमारीबाई उभी राहिली. "बिनाचपलेचा म्हणून तुमच्या दारातून ज्याले हाकललं, त्यानंच हे घासलं. मी चप्पल घालून नाई चढणार. आन् नुसती पाहून बी नाई जाणार. भाडं देऊन राह्यतो."

कोण होता तो, मॅनेजरनं विचारलं.

आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तिच्यातही नाही आणि माझ्यातही नाही. इतकी वर्षं मी तिच्या तोंडून 'अतुलचा बाप' एवढंच ऐकलं होतं. तिनं जिन्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जंगू."

मॅनेजर खाली पाहत राहिला. मग म्हणाला, मी इथे पोऱ्या म्हणून लागलो तेव्हा ह्या फरशीत बघून भांग पाडायचो. तो चावी आणायला गेला. पलंग दाराकडे, चांगल्या छताखाली सरकवून देतो, तिकडून हलायचं नाही, अशी अट घातली. सोमारीबाईनं झाडू आणि बादलीही मागितली.

खोलीत खिडकीभर समुद्र होता. मी पाहतच राहिले. तिनं मात्र खडे झाडले, फरशी धुतली, पदरानं पुसली. ओली झाल्यावर ती अशी उजळली की आम्ही दोघी उलट्या दिसायला लागलो. मग तिनं कोपऱ्यात चिमूटभर मोहफुलं ठेवली, वर पाण्याचे थेंब सोडले. त्यांच्यात आधीचा वाटा गेलेल्यांचा. मग भर दुपारी तिथेच, फरशीला गाल लावून आडवी झाली.

"समुद्र तरी पाय, सोमारीबाई."

"तो कुठी जाते," म्हणाली, आणि डोळे मिटले.

रात्रीही ती फरशीवरच झोपली. मी पलंग घेतला. फरशी काही माझ्या मियाँनं घासली नव्हती.

सकाळी निघालो तर मॅनेजर म्हणाला, मागच्या दारानं जा, तिकडून रिक्षा लवकर मिळते. बिचारा भल्यासाठीच सांगत होता. सोमारीबाई समोरच्या दारानं निघाली, अनवाणी, मधोमध, सगळ्या दाढीवाल्या नट्यांच्या समोरून. म्हाताऱ्या दारवानानं सवयीनं दार उघडून धरलं.

रस्त्यावर आल्यावर तिनं पिशवीतून चपला काढल्या आणि घातल्या. वाळू तापायला लागली होती.