एर्मिनियाबाईंचं इंग्रजी

माझ्या वह्या-पेनांच्या दुकानामागच्या खोलीत एर्मिनियाबाई नऊ वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. व्याकरण आपल्याला येत नाही, हे त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकायच्या. तरुणपणी टेक्सासला एका घरी चार वर्षं कामाला होत्या, तिथे कानावर पडलं तेवढंच त्यांचं भांडवल. पण आमच्या सोम्ब्रेरेते गावाहून सीमेपलीकडे, उत्तरेला कामाला जाणाऱ्यांना तेवढं पुरायचं. सॉरी, प्लीज, एक्सक्यूज मी. कुणी 'हाऊ आर यू' म्हटलं की लगेच 'आय ॲम फाइन, थँक यू'. शिवाय फोनवर लिहायची छोटी रूपं: 'थँक यू'साठी टी-वाय, 'नो प्रॉब्लेम'साठी एन-पी.

"गोड बोललात तर टिकाल," बाई सांगायच्या. "तोंड वाकडं केलंत की पुढच्या वर्षी बोलावणं नाही."

फिदेन्सिओ त्यांचा लाडका. त्याची आई ओब्दुलिया समोरच्या गल्लीत गोर्दिता विकते, घेवडा भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या. शेवटच्या परीक्षेत बाईंनी फिदेन्सिओला दहापैकी दहा दिले आणि मे महिन्यात तो कॅरोलायनाला तंबाखूच्या शेतावर गेला. वय चोवीस.

जुलैत कळलं की तो उन्हाने शेतातच कोसळला. मूत्रपिंडं निकामी व्हायच्या बेताला आली होती. तीन आठवडे तो इस्पितळात होता. सप्टेंबरात परत आला, तेव्हा आणायला गेलेल्या मामाने त्याला आधी ओळखलंच नाही.

बाई मला सोबत घेऊन त्याला भेटायला गेल्या. तो अंगणात सावलीला बसला होता. बाईंना बघून उठायला लागला.

"बस रे, बस. कसा आहेस?"

"आय ॲम फाइन, थँक यू," तो हसून म्हणाला. बाईंना बरं वाटावं म्हणूनच म्हणाला असणार.

मग त्या दिवसाचं सांगू लागला. "सकाळपासून डोकं ठणकत होतं. अकराच्या सुमाराला मळमळायला लागलं. मुकादमाने विचारलं, बरा आहेस ना? मी म्हटलं, फाइन, थँक यू. दुपारी त्याचा मेसेज आला, आणखी दोन तास थांबशील का. मी एन-पी लिहिलं, पुढे टी-वाय."

"असं का लिहिलंस?" ओब्दुलियाने विचारलं. किती वेळा विचारून झालं होतं कोण जाणे.

"दुसरं काय लिहायचं ते येत नव्हतं, आई."

बाईंनी फोन मागितला. मेसेज अजून तसाच होता. त्यांनी तो वाचला.

"बरोबर लिहिलंय ना, बाई?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

घरी परतताना चर्चच्या भिंतीशी त्या थांबल्या आणि बाही वर करून मला मनगट दाखवलं. इस्त्रीच्या टोकाएवढा भाजल्याचा जुना डाग होता.

"नेली, मालकिणीने मलाही विचारलं होतं, बरी आहेस ना म्हणून. मी फाइन म्हटलं आणि उरलेले अकरा शर्ट त्याच हाताने इस्त्री केले. त्या वाक्याने काय झाकलं जातं हे मला पक्कं माहीत होतं. तरी पोरांना तेच शिकवत राहिले, माझं त्यावर निभावलं म्हणून."

"उन्हात त्याला तुम्ही नव्हतं उभं केलं," मी म्हटलं.

"गप्प राहायला तर मीच शिकवलं ना?"



दोन आठवडे वर्ग बंद होता. बाई आजारी आहेत, असं मी विचारणाऱ्यांना सांगत होते. मग एका गुरुवारी त्या आल्या, किल्ली मागून घेतली आणि फळ्यावर लिहिलं: मला बरं नाही. मला बसायचंय. पाणी द्या. नाही, मी थांबणार नाही. सगळं इंग्रजीत. वर्गातल्या सातही जणांना त्यांनी ते मोठ्याने म्हणायला लावलं, पण आवाज फुटेना. उत्तरेत हॉटेलात साफसफाईच्या कामाला जाणार असलेली तोमासा म्हणाली, "बाई, आधी सॉरी लावू का?"

"नको."

"मग उर्मट वाटतं हो."

"वाटू दे."

"तुम्ही म्हणून दाखवा की."

बाईंनी म्हणून दाखवलं. इतकं हळू, की मागच्या बाकावरून कुणीतरी "काय म्हणालात?" असं विचारलं. तिसऱ्या खेपेला कुठे ऐकू गेलं.

दर रविवारी बाई ओब्दुलियाकडे कोंबडीचा रस्सा घेऊन जायला लागल्या. ओब्दुलिया पातेलं घ्यायची, रिकामं करून धुऊन परत द्यायची. बसा मात्र कधी म्हणाली नाही. एका रविवारी बाईंनी दारातच सांगून टाकलं, "चूक माझी होती, ओब्दुलिया."

"हो," ओब्दुलिया म्हणाली. मग पातेलं पुसता पुसता, "थोडी तुमची. जा म्हणून मागे लागणारी मीच होते."

बाई तिथून थेट माझ्या दुकानात आल्या आणि पातेलं मांडीवर घेऊन बसल्या. "बरं वाटलं का?" मी विचारलं.

"नाही गं. पण ती हो म्हणाली, ते बरं केलं. बाकी सगळे नाही-नाहीच म्हणतात."

फिदेन्सिओला आता दर महिन्याला तपासणीसाठी साकातेकासच्या मोठ्या इस्पितळात जावं लागतं. सोबतीला बाई जातात. जड काम त्याला कायमचं बंद झालंय. बसमध्ये तो खिडकीशी झोपतो आणि बाई, असं त्या स्वतःच सांगतात, सगळा रस्ता त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून असतात.