दिवसाची लाइन

बीबीच्या शिवारात गीताबाईचं दीड एकर वांग्याचं वावर आहे. शेतीची वीज एक आठवडा रात्री येते, एक आठवडा दिवसा. घरात दोनच खोल्या. सासू-सासरे, दोन मुलं. त्यामुळे दिवसाच्या लाइनचा आठवडा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, राजकुमारचा असे. ती सरीला पाणी लावायची आणि मोटरच्या खोलीत त्याच्याकडे जायची. सरी भरून फुटायची, पाणी शेजारच्या गुलाबरावांच्या हरभऱ्यात शिरायचं. म्हातारे बांधावरून ओरडायचे, "राजकुमार, झोपला का बे? माहा हरभरा बुडून राह्यला!" ती पदर तोंडात कोंबून हसायची. सोळा वर्षांच्या संसारात तिच्या एकटीचं काही असेल, तर ते हसू.

मागच्या उन्हाळ्यात तिचं मन खचलं. कणीक मळायला घ्यायची आणि हात परातीत तसेच ठेवून तासभर बसायची. विहिरीकडे एकटी जाऊ नये म्हणून सासू मागेमागे फिरे. मेहकरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती उठली, जेवू लागली, बाजारात वांगी विकायला बसू लागली. हे ती कधी नाकारत नाही. पण अंगातलं काहीतरी विझलं. नवऱ्याचा हात पाठीवरून फिरायचा, तो नुसत्या साडीवरून फिरावा तसा. साडीखाली ती नसायचीच.

"मले काईच वाटत नाई हो आता," तिने त्याला सांगितलं.

"डॉक्टरले सांगू," तो म्हणाला. या दोन शब्दांवर तिने चार महिने काढले.

दवाखान्यात ती बोलली. खाली बघून, पण सगळं बोलली. डॉक्टर राजकुमारकडे वळले.

"गोळीनं होतं असं कधीकधी. बदलून बघता येते. तुमची काही तक्रार?"

राजकुमारने तिच्याकडे पाहिलं नाही. "मले काई तरास नाई, साहेब. आता शांत रायते. भांडत बी नाई."

"मुलं किती?"

"दोन."

"मग कशाला चालू गोळी हलवायची?" त्यांनी तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली.

एसटीत तिच्या शेजारी बसून राजकुमार हळूच म्हणाला, "सोमवारपासून दिवसाची लाइन हाय."

"हाव," ती म्हणाली.

सोमवारी तिने सरीला पाणी लावलं. खोलीतून हाक आली, ती गेली. परत आली तेव्हा सरी अर्धीही भरली नव्हती. फावडं रोवून ती पाण्याजवळ उभी राहिली.

गुलाबराव बांधावर तंबाखू मळत होते. "सूनबाई, यंदा एक थेंब नाई आला माह्या वावरात. पानी सांभाळाले शिकले बुवा तुमी!"

खोलीच्या दारातून राजकुमार मोठ्याने हसला.

पाणी सरीच्या काठाला आलं. गीताबाईने वेळेवर माती ओढून ते अडवलं आणि पुढची सरी फोडली.