इनासचं माप

इनास गेल्याचं मला वैभववाडीच्या बाजारात कळलं, तेही उभ्या उभ्या. मिठबावचा एक ओळखीचा नारळवाला भेटला आणि दर सांगावा तसं सांगून गेला, "सदाभाऊ, तुमचो तो मापवालो गेलो मां! परवा पुरलो तेका." कोण मापवाला, असं मी विचारलंसुद्धा. खरं तर ऐकताक्षणीच कळलं होतं. पण त्या माणसाला चांगलं बाप्तिस्म्याचं नाव होतं, आणि मेल्यावरही ते कोणाच्या तोंडी येऊ नये, चेष्टेचं नावच तेवढं यावं, याचा मला असा संताप आला की घेतलेली भाजी तशीच टाकून मी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलो. संताप कोणावर, ते पुढे सांगतो. सांगायचं आहे म्हणूनच तर लिहायला बसलोय.

इनासने दहा वर्षं आगबोटीवर ऑइलमन म्हणून काढली. वडलांना अर्धांग झालं तेव्हा तो बोट सोडून मिठबावला परत आला आणि माडांना पाणी घालत बसला. मी तेव्हा एका लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून होतो. शेठनी मुंबईहून पेट्रोलवर चालणारी करवत मागवली. तोवर दोन माणसं दोन टोकांना बसून लांब करवत ओढायची, एका झाडाला अख्खा दिवस जायचा. या यंत्राला म्हणे अर्धा तास पुरे. सोबत एक पुस्तक होतं, पण ते इंग्रजीतही नाही, भलत्याच परक्या भाषेत. आम्हाला चित्रंच काय ती कळत. शेठ म्हणाले, इंजिनातलं कळणारा कोणी आहे का रे? मी इनासचं नाव सांगितलं. त्याला तिथे नेणारा मीच, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या करवतीच्या इंजिनात तेलासाठी वेगळी जागा नसते. तेल पेट्रोलमध्येच कालवून द्यायचं, जळता जळता तेच आतल्या दट्ट्याला वंगण पुरवतं. सोळा मापं पेट्रोल, एक माप तेल. आता तेल कुठलं, यावर आमच्या तळावर आठवडाभर पंचायत बसली होती. ट्रकवाला म्हणे, माझ्या गाडीचं काढलेलं तेल फुकट जातंय, ते घाला. इनासने ते दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि बोटं पानाला पुसली. "ह्या जळलेला. हेच्यात आता काय रवला नाय." करवत ओढणाऱ्या गड्यांचं मत खोबरेलाला. आमच्याकडे कुलूप अडलं तरी खोबरेल आणि गुडघा धरला तरी खोबरेल, तेव्हा इंजिनाने काय घोडं मारलंय? इनासने वाद घातला नाही. पळीत खोबरेल घेऊन चुलीवर धरलं, ते जळून पळीला काळं चिकट बसलं, आणि ती पळी त्याने सगळ्यांपुढे फिरवली. "तुमच्या डोक्याक बरा. हेच्या पोटाक नाय." शेवटी कणकवलीहून सीलबंद डब्यातलं नवं जाड मोटारतेल आणलं, आणि मग तो ते बदलायला तयार नसे. एकाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही, उरलंसुरलं ओतायचं नाही. त्या वेळी गॅलन जाऊन लिटर येत होते, आमचे हिशेबात घोटाळे व्हायचे. तो हसायचा. "गॅलन म्हण नायतर करवंटी म्हण. दोनांक माप एकच होया."

त्याचं माप म्हणजे पितळेचा एक लहान पेला, बोटीवरून आणलेला. पेट्रोलची सोळा मापं मोजून झाली की तो तेलाचा पेला काठोकाठ भरायचा, डब्याच्या तोंडावर पार पालथा घालायचा आणि तसाच धरून उभा राहायचा. ओठ हलताना दिसत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, एक नमान मोरी म्हणतो. ती प्रार्थना सावकाश म्हणून संपेपर्यंत शेवटचा थेंब उतरतो. जाड तेल पेल्याला धरून बसतं, त्याला वेळ द्यावा लागतो. मग डबा हलवायचा, आणि मगच करवतीची टाकी भरायची.

डिसेंबरात जुन्या गोव्याला फेस्त असतं, ख्रिस्ती लोकांची मोठी जत्राच ती. इनासचा तिथे नवस होता. जाताना पेला माझ्या हातात देऊन म्हणाला, "मी येयसर एक डबो करून ठेव. माप पालथा घाल हां, सदा." मी सोळा मापं न चुकता मोजली. मग तेल भरलं, ओतलं... आणि हात थांबला. आमच्या घरात माप पालथं घालत नाहीत. आई तांदूळ मोजायची तेव्हा शेराच्या तळाशी चार दाणे मुद्दाम ठेवायची. माप पुरतं रिकामं केलं तर घरातली बरकत जाते. पालथं माप पाहिलं तर ती अंगावर ओरडायची. पस्तिशीचा बाप्या मी, शेठचा कारकून, इंग्रजी चौथी झालेला; पण हाताला ते वळण होतं. मी पेला तिरका केला, धार संपली तसा सरळ केला आणि ठेवून दिला. घाटाखालची थंडीची सकाळ, तेल आणखीच जाड झालेलं. पेल्यात बरंच राहिलं असणार. आणखी ओतावं असं मनातही आलं नाही.

इनास परत आला, डबा उचलला आणि विचारलं, "माप पालथा घातलंस मां?"

मी म्हटलं, "होय."

आता 'नाही' म्हणायला काय झालं होतं? लाज वाटली. तो हसेल, इतकंच. एवढ्याशा लाजेपायी मी खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐनाच्या बुंध्यात अर्धी शिरलेली करवत किंचाळली आणि गप्प झाली. दट्ट्या आतच धरला होता. उघडून पाहिलं तर त्यावर उभे ओरखडे, नांगरल्यासारखे. परक्या देशातलं यंत्र, सुटा भाग मिळणं कठीण. शेठ तळावर आले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मिश्रण कोणी केलं?" मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. इनास मोठ्या माणसांपुढे बोलायचा तसं स्वच्छ मराठीत म्हणाला, "टाकीत मी ओतलं, शेठ. ओतणाऱ्याने बघून ओतायचं असतं. चूक माझी." त्याच संध्याकाळी त्याचं काम सुटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि चोराने ती समोर उभं राहून पाहिली.

पुढे 'इनासाचा माप' ही आमच्याकडे म्हणच झाली. रेशनच्या दुकानात साखर कमी वाटली की बायका म्हणायच्या, इनासाचा माप नको हां. तो रांगेत असला तरी म्हणायच्या. तोही हसायचा. हातकरवतींना धार लावून देऊन त्याने पुढली आठ वर्षं काढली. माझ्याशी वागणं होतं तसंच. नाताळात माझ्याकडे दोदोल यायचं, चतुर्थीला त्याच्याकडे मोदक जायचे. सांगू, सांगू म्हणत मी आठ वर्षं घालवली. त्याला सगळं कळलं असेल, असं स्वतःला समजावून टाकायचो. त्यात माझी सोय होती.

त्याला जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मीसला, म्हणजे ख्रिस्ती देवळातल्या प्रार्थनेला, मी गेलो होतो. देवळातून सगळे त्याच्या घरी आले, चहा झाला, माणसं पांगली. आनमारी, त्याची बायको, ओसरीवर एकटी बसली होती. तिच्यासमोर बसलो आणि पेला, थंडी, आईचं वळण, ते 'होय', सगळं सांगितलं.

"तेका ठावक नाय होता," ती म्हणाली. "तेणी तुमच्यावर कधीच संशय घेतल्यान नाय. म्हणायचो, सदान माप पालथा घातल्यान म्हणजे घातल्यान, तो खोटा बोलाचो नाय. म्हणजे आदल्या डब्यांत माझोच हात खंय तरी चुकलो." मग खाली बघून म्हणाली, "आठ वर्सां ह्या घरात तेणी तांदूळसुद्धा मापूक नाय. सांगलंय तर म्हणायचो, तूच घे गो, माझ्या हाताचो भरवसो नाय."

मी हात जोडले. तिला ते आवडलं नाही.

"माका कित्याक सांगतास, सदाभाऊ? मी खंय तेका हसलंय? हसलो तो गाव. गावाक सांगा."

ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहितोय, ती गावात येते. वाचनालयात मोठ्याने वाचली जाते. तेव्हा वाचणाऱ्याने एवढं तरी नीट ऐकू जाईल असं वाचावं: त्या दिवशीचा डबा मी केला होता. तेल माझ्या हातून कमी पडलं, विचारल्यावर मी खोटं बोललो. इनासच्या हातून माप कधी चुकलं नाही.