महिन्यातला एक रविवार

सुरतच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेची मी अध्यक्ष झाले, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. दुसरं कुणी उभं राहायलाच तयार नव्हतं. सभेत सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणायला थोडा उशीर केला, एवढंच.

संघटना तशी छोटी. कुणी इस्पितळात नोकरी करणारी, कुणी स्वतःचं क्लिनिक चालवणारी, कुणी कॉलेजात शिकवणारी. बहुतेक जणी गुजराती. सभेत गुजरातीच चालायचं, आणि सुरतेत जन्मलेल्या मला त्याची अडचण कधीच नव्हती. महिन्यातून एकदा एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये व्याख्यान व्हायचं. पडद्यावर चित्रं, मग प्रश्नोत्तरं, मग जेवण. जेवणात तळलेलं भरपूर असायचं आणि त्यावर दर वेळी कुणीतरी तोच विनोद करायची.

पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, "आपण रविवारी सकाळी लिंबायतला बसूया. साखरेचा त्रास असलेल्या लोकांना खाण्यापिण्याचा सल्ला द्यायला. फुकट."

लिंबायत ही कामगारवस्ती, माझं माहेर. वडील खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले ते तिथेच राहिले. लग्नानंतर मी तापीच्या पलीकडे राहायला गेले, पण गल्लीतल्या घराघरांत गोळ्यांची पाकिटं कशी वाढत चालली होती, ते जाता-येता बघत होते. पथ्य म्हणजे साखर बंद, भात बंद, यापलीकडे कुणी काही सांगितलेलं नसायचं.

मग माझ्या आधीच्या अध्यक्षा बोलल्या. साठीच्या घरातल्या, करड्या केसांच्या, या शहरात आहारतज्ज्ञ म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून हे काम करणाऱ्या. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं 'बेन', म्हणजे ताई, म्हणायचो.

"मी कामरेजला हे करून बघितलंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या रविवारी आम्ही पंधरा जणी होतो. मग पाच. मग मी एकटी. एका रविवारी मला ताप होता, मी गेले नाही. लोक दारात बसून परत गेले. त्यानंतर मी गेले तेव्हा कुणीच आलं नाही."

"म्हणून करायचंच नाही का?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कर की. पण जेवढं निभेल तेवढंच कबूल कर. लोकांना कमी मिळालं तर चालतं. आज आहे आणि उद्या नाही, हे चालत नाही."

त्या रात्री मला त्यांचा राग आला होता. माझ्या डोक्यात दर रविवार होता, मोठा मांडव होता, वर्तमानपत्रात बातमीसुद्धा होती. पण दोन-तीन दिवसांनी, इस्पितळात दुपारचा डबा खाताना, मला पटलं की मोठं ते सगळं मला माझ्यासाठी हवं होतं. मग मी योजना लहान केली. महिन्यातला एकच रविवार. सकाळचे दोन तास. आळीपाळीने दोघी-दोघी, आणि अध्यक्ष म्हणून मी दर वेळी, पण सल्ला द्यायला नव्हे. दारापाशी बसून नावं लिहायला. पाळ्या ठरवताना बेननी हात वर केला. "मलाही धर," म्हणाल्या.

एका शाळेने वर्ग दिला. पहिलीचा वर्ग होता. बाकं इतकी बुटकी की बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. भिंतीवर गुजराती मुळाक्षरं, कमळ, खटारा, गणपती. पहिल्या रविवारी मोजकी माणसं आली. त्यातल्या एका काकांना वाटलं होतं, इथे रेशनकार्डाचं काम होतं. ते काम इथे होत नाही म्हटल्यावरही काका गेले नाहीत, पंख्याखाली बसून राहिले, आणि जाताना विचारून गेले की पोह्यांनी साखर वाढते का.

पुढच्या महिन्यात बायका आल्या. रातपाळी सुटलेली काही माणसं थेट कारखान्यातून आली, केसांत धाग्यांचे तंतू तसेच. आमच्यात एक मुलगी होती, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, गुजराती, अगदी मऊ आवाजाची. तिला मराठी येत नव्हती, खानदेशातली अहिराणी तर ऐकूनही माहीत नव्हती. मला तिची काळजी वाटत होती. पण ती हिंदीतून बोलायची आणि शब्द अडला की थांबायची. समोरचं माणूस मग स्वतःहून दुसरा शब्द शोधायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी म्हणजे काय, हे एका बाईने तिला हातवारे करून सांगितलं, तेव्हा दोघी हसत सुटल्या होत्या.

तिसऱ्या महिन्यात माझे वडील आले.

येणार म्हणून सांगितलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत उभे राहून माझ्या टेबलापाशी आले आणि अनोळखी माणसाला सांगावं तसं त्यांनी मला आपलं नाव सांगितलं. मीही ते लिहिलं.

आप्पांना साखर निघून बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढीच वर्षं आमचं भांडण चालू होतं. चहा कमी करा, म्हणून मी सांगून थकले होते. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "दवाखानामा तू मॅडम, आठे मन्ही पोर." दवाखान्यात तू मॅडम असशील, इथे माझी मुलगी आहेस. आई तोंडाला पदर लावून हसायची आणि त्यांना आणखी अर्धा कप द्यायची.

त्या दिवशी सल्ल्याची दोन टेबलं होती. एकावर बेन, दुसऱ्यावर ती मुलगी. आप्पा मुलीच्या समोर जाऊन बसले. ते कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काम केल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं आणि ते फार मोठ्याने बोलतात. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं वर्गभर ऐकू येत होतं.

"चाय कितनी बार पीते हो, काका?"

"दो बार."

हे खोटं होतं. मी पेन खाली ठेवलं.

"मीठी?"

"एकदम मीठी. घर से निकलने के पहले तो पीताच."

मी खुर्चीवरून अर्धी उठले होते. शेजारच्या टेबलावरून बेननी माझ्याकडे बघितलं. त्यांच्यासमोर एक बाई बसली होती, तिला थांबायची खूण करून त्या माझ्यापाशी आल्या आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "बेसी जा, बेटा. पेशंट तिचा आहे."

मी बसले.

मुलीने कागदावर काही लिहिलं नाही. तिने फक्त विचारलं, "निकलने के पहले क्यूं, काका?"

तिने पुन्हा विचारलं नाही. थांबली. बाहेर भाजीवाल्याची हातगाडी गेली, तो ओरडला, आणि तो आवाज दूर गेल्यावर आप्पा बोलायला लागले. लूमवरच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. सकाळी गोळी घेतली, डबा खायला वेळ मिळाला नाही, आणि मशीन चालू असताना हातपाय कापायला लागले. अंगभर घाम, डोळ्यांपुढे अंधार. शेजारच्या लूमवाल्याने ओढून बाजूला बसवलं आणि आपला चहा पाजला, तेव्हा बरं वाटलं. "मशीन में गिर जाता तो हाथ जाता," ते म्हणाले. तेव्हापासून बाहेर पडायच्या आधी ते गोड चहा घेत होते. लूम सुटलं, भीती सुटली नाही. रस्त्यात पडू, बसमध्ये पडू, कुणाला कळणार नाही, अशी.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी त्याला चवीची सवय समजत होते.

मुलीने त्यांना शांतपणे समजावलं. ते झालं ते खरं होतं, घाबरण्यासारखंच होतं. पोट रिकामं ठेवून ती गोळी घेतली की साखर एकदम उतरू शकते. तसं झालं तर लगेच गोड खायचंच, त्यासाठी खिशात साखरेची पुडी ठेवा. पण काही होत नसताना रोज आधीच गोड चहा नको, वेळेवर जेवा. आणि ही गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा, ते गोळीचं बघतील.

"डॉक्टर ने पूछा नहीं," आप्पा म्हणाले.

"आप बोलो ना, काका. आप बोलोगे तो सुनेंगे."

वर्ग आवरून झाल्यावर मी तिला सांगितलं, ते माझे वडील. ती लाल झाली, गुजरातीत म्हणाली, "मॅडम, आधी सांगायचं ना! मी नीट केलं असतं."

"नीटच केलंस," मी म्हटलं. बेन पिशवी भरत होत्या. मुलीला त्यांनी आपल्या गाडीतून घरी सोडलं.

मी माहेरी जेवायला गेले. आईने वांग्याचं भरीत केलं होतं. आप्पांनी पाटावर बसून तीच हकीकत पुन्हा सांगितली, या वेळी अहिराणीत आणि जरा लांबवून. आईचा हात भाकरीवर थांबला.

"माले बी नही सांगं?" ती म्हणाली.

"तुले घोर लागी म्हनीसन नही सांगं."

आईने त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, गरम आहे तोवर खाऊन घ्या, नंतर गोळी घ्यायची आहे.

डॉक्टरांनी पुढे गोळी बदलली. चहा कमी झाला, बंद झाला नाही. त्या मुलीची पाळी असलेल्या रविवारी आप्पा आता न चुकता तिच्या टेबलावर जातात आणि घरी येऊन "मॅडमनी सांगितलं" म्हणून मला त्याच गोष्टी ऐकवतात, ज्या मी वर्षानुवर्षं सांगत होते. सुरुवातीला मला थोडं लागायचं. आता मी विचारते, "आणखी काय म्हणाल्या मॅडम?" आणि ते सविस्तर सांगतात.

माझी मुदत संपली, दुसरी अध्यक्ष आली. रविवार चालू आहे. मधे बेनचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या पाळीला मी टेबलावर बसले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच सल्ला द्यायला. माझ्यासमोर एक तरुण बाई आली, कडेवर मूल, बांधकामावर काम करणारी, बोलणं मराठवाड्याकडचं. रोज सकाळी उपाशी कामावर जाते, म्हणाली. सकाळी काय काय खाता येईल, ते माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते तसंच ठेवलं, तिला बसायला बाजूचं बाक ओढून दिलं आणि सकाळी तिच्या घरात काय काय चालतं, ते तिला विचारलं. ती मूल मांडीवर घेऊन नीट बसली आणि सांगू लागली.