पान नऊवरचा माणूस

चाकूरच्या स्टँडवर माझी पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढली, तेव्हा अण्णांनी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात कंडक्टरला सांगितलं, "संभाळून ठेवा, डॉक्टर होणार हाय पोरगी." कंडक्टर हसला. लातूरला निघालेल्या त्या गाडीत असल्या होणाऱ्या डॉक्टर आणखी चार होत्या. दहावीचा निकाल लागून आठवडा झाला नव्हता. मायनं खिडकीतून एक पिशवी आत ढकलली. वर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तळाला एक तांब्या, एक ग्लास आणि जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट. "रूमवर गेली की आधी भांडं ठेव," ती म्हणाली, "मग अभ्यास."

भांडं ठेवणं म्हणजे काय हे तुम्हाला, मागं राहिलेल्यांना, सांगायची गरज नाही. पण आपल्यातले जे निघून गेले त्यांच्या पोरांना ठाऊक नसतं, म्हणून सांगते. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडे घरोघर झोपायच्या आधी ताटात ग्लास उभा करायचे आणि त्यावर तांब्या उपडा ठेवायचे. जमीन जराशी जरी हलली तरी तांब्या ताटात पडायचा, धाडकन. माय म्हणायची, "भांडं वाजलं की दार धरायचं. मागं बघायचं न्हाई." मांजरानं पाडलं तरी आम्ही अंगणात. वर्षभर आमच्या गल्लीत मांजराला जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या कुणा माणसाला बसल्या नसतील.

लातुरात मी तीन वर्षं त्या भांड्याशेजारी झोपले. एका खोलीत तिघी, एक टेबलफॅन, आणि गल्लीच्या तोंडाला पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावलेला भलामोठा बोर्ड. अण्णा महिन्यातून एकदा यायचे, शाळेतून परस्पर, आणि खोलीवर यायच्या आधी त्या बोर्डासमोर उभे राहायचे. स्वतः मास्तर, त्यामुळं कुठलाही कागद दिसला की हात लाल पेनाकडं जायचा. माझ्या वहीतल्या बेडकाच्या आकृतीवर त्यांनी बरोबरची खूण केली होती. शेजारी मी त्याच बेडकाला टोपी आणि चष्मा घालून काढलेला, त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा दोनदा दिली, दोनदा आपटले. दुसऱ्या निकालानंतर चाकूरला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून मी सरळ पुण्याची गाडी धरली. अण्णांनी अडवलं नाही. त्यांनी लोकांना सांगायला सुरुवात केली, "पुण्यात शिकून राहिली," म्हणजे अजून शिकतेय. सतरा वर्षं मी पुण्यात शिकूनच राहिले होते! कुणी विचारत नव्हतं, अहो मास्तर, एवढं काय शिकती ती?

मी करत काय होते? चित्रं काढत होते. आधी दुसऱ्यांच्या गाइडांसाठी, मग स्वतःची कॉमिक. छापणार कोण? मीच. विकणार कोण? मीच. मराठी कॉमिक म्हटलं की दुकानदार पुस्तक उलटंपालटं करून म्हणायचा, "लहान मुलांचं आहे ना?" म्हणून मग एकपात्री सुरू केली. पुस्तकातली गोष्ट स्टेजवर एकटीनं करायची आणि संपलं की दाराशी टेबल मांडून पुस्तक विकायचं. पुण्यातल्या गच्च्यांवर केलं, कंधारच्या वाचनालयात केलं, जळकोटला एका शाळेत तर घंटा होईपर्यंतच केलं. पुस्तकांचे खोके मांडीवर घेऊन एसटीत बसलेली बाई कुठं दिसली असेल तर ती मीच.

गोष्ट भूकंपाचीच होती. मी सात वर्षांची होते. विसर्जन आटोपून गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. आमच्याकडे कुणी मेलं नाही, तिकडं किल्लारीकडं जे झालं त्यापुढं आमचं म्हणजे काहीच नाही. एक भिंत गेली फक्त. पण त्या वेळी माय बाहेर होती, आणि अण्णा धाकट्या पिंट्याला उचलून बाहेर धावले. मी बाजेखाली होते. मला दिसली ती त्यांची पाठ, दारातून जाणारी. नंतर शेजारच्या बाईनं मला ओढून काढलं. ह्याबद्दल घरात कुणी कधी एक अक्षर बोललं नाही. मी तेच पान नऊवर काढलं. पूर्ण पानभर एक माणूस, पाठमोरा, कडेवर एक पोर, आणि खाली कोपऱ्यात बाजेखालून बघणारे दोन डोळे. लोक त्या पानाशी थांबायचे. स्टेजवर त्या जागी मी तांब्या पाडायचे, आणि पुण्याचे लोक टाळ्या वाजवायचे.

खोटं कशाला बोलू, मला ते पान अण्णांना दाखवायचंच होतं. बदला म्हणा, काही म्हणा. पस्तिशी उलटलेली बाई मी, आणि मला अजून बापाच्या तोंडून ऐकायचं होतं की हो, तुला सोडून गेलो. त्याच्याशिवाय मला झोप लागत नव्हती, आणि ते पान रोज विकून पोटही मीच भरत होते.

मग लातूरच्या एका क्लासनं बोलावलं. त्यांना वाटलं मी ताणतणावावर बोलते. फळ्यावर लिहिलं होतं, "अभ्यासातील भीतीवर मात". मी म्हटलं, असू दे, भीती तर हायच. अण्णांना फोन केला. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. धुतलेला सदरा, काखेत कापडी पिशवी. टेबलावरचं एक पुस्तक उचललं, वजन केल्यासारखं हातात धरलं आणि पिशवीत टाकलं. "घरी जाऊन तपासतो," म्हणाले. वाचतो नाही, तपासतो.

हॉलमध्ये पुढं पोरं वह्या उघडून बसलेली. एकीनं आधीच विचारलं, "मॅडम, ह्यावर प्रश्न येतात का?" मागं त्यांचे आईबाप. औसा, निलंगा, कुठनं कुठनं पोरांना भेटायला आलेले. मी काय बघायला हवं होतं ते मला दिसलं नाही. इतकी वर्षं बाहेर राहून मी विसरले होते की मी हे कुणापुढं करून राहिले.

मी तांब्या पाडला.

पोरांनी मान वर केली आणि पेन धरून बसली. त्यांचे आईबाप उठले. कुणी ओरडलं नाही. खुर्च्या पडल्या, एका बाईनं दुसरीच्या पोरीचा हात धरून तिला ओढलं, आणि मागची सगळी माणसं दाराबाहेर. कुणी मागं बघितलं नाही. मी स्टेजवर तशीच उभी. एवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. अण्णा. सगळे दाराकडं धावताना हा सत्तरीचा माणूस उलटा स्टेजवर चढला होता. "भायेर! मने, भायेर चल!" मी सांगत होते, अण्णा, नाटक आहे, अहो नाटक आहे. त्यांनी ऐकलं नाही. खुर्च्यांमधनं ओढत मला रस्त्यावर आणलं. त्यांची एक चप्पल आतच राहिली होती.

बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी माझा हात सोडला नाही. इकडंतिकडं बघायला लागले. "पिंट्या?" ते म्हणाले. "पिंट्या कुटंय? मने, पिंट्या आत ऱ्हायला का?"

पिंट्या हैदराबादला असतो. त्याला दोन मुलं आहेत.

मी त्यांना तसं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग ते भानावर आले, लोकांकडं बघितलं, ओशाळले, चप्पल आणायला आत गेले. आणि मला तिथं रस्त्यावर कळलं. त्या पहाटेही ते असेच अंगणात उभे असणार, कडेवर पिंट्या, आणि विचारत असणार, मनी कुटंय? शेजारच्या बाईला आत पाठवलं कुणी? ती काय आपल्या मनानं आली होती का? मी बाजेखाली होते, मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही ते मी काढलं नाही. आणि तीस वर्षं हा माणूस मी मनात पाठमोरा उभा ठेवला, आणि पान नऊवर काढून टाळ्या घेतल्या. धरणीमाय, तेव्हा हललीस तशी आत्ता हल, असं वाटलं.

पुस्तक त्यांच्या पिशवीत होतं. मला ते परत मागायचं होतं. चाकूरची गाडी लागली, ते चढले, पिशवी मांडीवर घेतली. मी खिडकीपाशी उभी. म्हणाले, "जेवून घे. भांडं ठेवत जा खोलीत." गाडी गेली.

त्यानंतर मी खेळ केला नाही. मायला फोन करायचे. "अण्णा काय करतात?" "तुजं पुस्तक तपासून राह्यलेत." एवढंच. मी एक नवं पान काढलं. त्यात अंगण आहे, समोरून दिसणारा माणूस आहे, त्याचं तोंड उघडं आहे. ते छापून आणलं, आणि उरलेल्या सगळ्या प्रतींमध्ये पान नऊनंतर हातानं डकवलं. एक प्रत तेवढी राहिली, ती चाकूरला होती.

नागपंचमीला चाकूरला गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. पुस्तक त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घालून, वर माझं नाव लिहून कपाटात ठेवलेलं, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या वर. मी उघडलं. पानोपानी लाल शाई. इथं बैल असा वळत नाही, तिथं आपल्या गल्लीत कडुनिंब नव्हता, बाभूळ होती. पान नऊवर एकही चूक काढलेली नव्हती. खाली कोपऱ्यात, त्या दोन डोळ्यांशेजारी, बरोबरची खूण. मोठी, सावकाश केलेली.

मी पुस्तक घेऊन ओट्यावर गेले. म्हटलं, "अण्णा, हे पान चुकलंय माझं. ह्याच्या पुढचं पान आणलंय मी, तेवढं बघा."

त्यांनी चष्मा काढला. "न्हाई बाई," म्हणाले, "बरोबर हाय ते. मी तपासलंय."

नवं पान मी डकवलं नाही, नुसतं आत सरकवून ठेवलं. अजून तसंच आहे की नाही, माहीत नाही. तुम्ही मागं राहिलेले मला विचारता, घरची आठवण येते का? येते. घर म्हटलं की मला आता ती लाल खूण दिसते. आणि लहानपणी त्यांनीच शिकवलंय, मास्तरच्या लाल शाईवर पोरांनी पेन चालवायचा नसतो.