चार चर्च आणि बुटाची नाडी

गराज आवरताना सासूबाईंचे पांढरे स्पोर्ट्स शूज सापडले आणि सॅन अँटोनियोतला तो जुलै पुन्हा डोक्यात गेला. टेक्सासमधल्या आमच्या अर्विंगहून पाच तास ड्राइव्ह करून गेलो होतो. सकाळी जुनी मिशन्स, म्हणजे स्पॅनिश काळातली दगडी चर्च, आणि दुपारी झू, असं पाच वर्षांच्या लेकीला कबूल केलं होतं. पहिल्याच चर्चच्या दारात सासूबाईंनी पाय पुढे केला. "अहो आई, इथे सगळे बूट घालूनच आत जातात." "जाऊ देत. मी नाही जायची देवासमोर." त्यांचे गुडघे आखडलेले, त्यामुळे नाडी सोडायची मी आणि बांधायचीही मीच. अशी चार चर्च झाली, आणि दर वेळी माझी गाठ रागाने जरा जास्तच घट्ट बसत गेली. प्रत्येक ठिकाणी त्या तापलेल्या फरशीवरून "अगं बाई गं" करत आत पळायच्या आणि मग निवांत हात जोडून बसायच्या. नवरा नव्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढत होता. झूच्या गेटवर पोचलो तेव्हा ते बंद झालं होतं. "बट यू प्रॉमिस्ड!" म्हणत लेकीने भोकाड पसरलं. सासूबाई तिला म्हणाल्या, "तुझ्यासाठीच मागत होते हो देवाकडे." दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं ऑफिस, म्हणून तसेच परत फिरलो. मागच्या वर्षी मोठ्या झालेल्या लेकीबरोबर पुन्हा त्यातल्याच एका चर्चला गेले, तर दारात नकळत मीही बूट काढले. बाहेर आल्यावर मात्र गुडघा वाकेना. "आई, सीरियसली?" म्हणत लेक खाली बसली आणि तिने नाडी इतकी करकचून आवळली, की मला माझाच हात ओळखू आला.